राउटर, खंडरचित
राउटर, खंडरचित : संगणकांची दोन वा अधिक जाळी जोडून त्यांच्यातील संदेश योग्य मार्गाने पुढे धाडणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. ज्या राउटरमधील संस्कारक, जोडणीची द्वारे, शक्तिपुरवठा व पंखे हे भाग एका सामाईक सांगाड्यात बसविलेले असून स्वतंत्रपणे काढून बदलता येतात, तो खंडरचित राउटर होय. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या संस्था, बँका, विद्यापीठे इत्यादींच्या जाळ्यांत मध्यवर्ती ठिकाणी असे राउटर वापरतात. तेथील एक यंत्र बंद पडल्यास हजारो ग्राहकांचा संपर्क तुटू शकतो. म्हणून बिघडलेला भाग यंत्र चालू असतानाच बदलता येणे, हा या रचनेचा मुख्य हेतू आहे.

विकास : अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यासाठी १९६९ मध्ये हनीवेल डीडीपी–५१६ या लघुसंगणकापासून बनविलेले ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’ हे राउटरचे पूर्वरूप होय. पुढे बराच काळ राउटर म्हणजे एक संगणकच असे. त्यातील एकच संस्कारक मार्ग ठरवी आणि संदेशाचा प्रत्येक तुकडा, म्हणजे पॅकेट, स्वतःच पुढे पाठवी. १९९० नंतरच्या दशकातील सिस्को ७२०० या मालिकेत हा संस्कारक काढता येणाऱ्या पट्टावर बसविलेला होता. जुन्या पट्टाऐवजी अधिक वेगवान पट्ट घातला की त्याच सांगाड्याची क्षमता वाढे. द्वारांचे पट्ट चालू यंत्रात बदलता येत. संस्कारकाचा पट्ट बदलताना मात्र यंत्र बंद करावे लागे. १९९८ मध्ये आलेल्या जुनिपर एम४० या राउटरमध्ये मार्ग ठरविणे व पॅकेट पुढे पाठविणे ही दोन कामे वेगवेगळ्या यंत्रभागांकडे सोपविलेली होती. मोठ्या राउटरांत ही विभागणी आता सर्वमान्य झाली आहे.

रचना व कार्य : मार्ग-संस्कारक पट्ट शेजारच्या राउटरांशी माहितीची देवाणघेवाण करून मार्गांची सारणी तयार करतो आणि तिची प्रत द्वार-पट्टांना देतो. द्वार-पट्टावर या एकाच कामासाठी घडविलेली संकलित मंडले असतात. ती पॅकेटावरील पत्ता पाहून सारणीतील सर्वाधिक जुळणारी नोंद शोधतात. नंतर ते पॅकेट स्विच-जालकातून बाहेर जाणाऱ्या पट्टाकडे जाते. हे सर्व फार थोड्या वेळात व्हावे लागते. सेकंदाला १,००० कोटी बिट वाहून नेणाऱ्या ईथरनेट द्वारावर सर्वांत लहान पॅकेटे सलग आल्यास प्रत्येकासाठी सुमारे ६७ नॅनोसेकंद मिळतात. सर्वसाधारण संस्कारकाला अशी अनेक द्वारे एकट्याने सांभाळणे कठीण जाते. त्यामुळे पुष्कळ राउटरांत सर्व नोंदी एकाच वेळी पडताळणारी विशेष स्मृती वापरतात. ती महाग असते व बरीच उष्णता निर्माण करते.

घटक बदलणे : चालू यंत्रात बसवावयाच्या पट्टाच्या जोडणीच्या पिना कमीअधिक लांबीच्या असतात. भूसंपर्काची पिन प्रथम टेकते, नंतर शक्तिपुरवठ्याच्या व शेवटी संदेशाच्या पिना टेकतात. पट्ट काढताना हा क्रम उलटा होतो. आरंभी एकदम मोठा प्रवाह शिरू नये म्हणून तो मर्यादित करणारे मंडलही असते. स्थिर विद्युत् भाराने मंडले निकामी होऊ नयेत यासाठी काम करणाऱ्याने मनगटाला भूसंपर्कित पट्टा बांधावा लागतो. रिकाम्या खाचा झाकणपट्टीने बंद ठेवतात, नाहीतर थंड हवा तेथूनच निसटते व भरलेले पट्ट तापतात. शक्तिपुरवठा, मार्ग-संस्कारक व स्विच-जालक यांचे जादा घटक आधीच बसविलेले असतात. एक मार्ग-संस्कारक बंद पडला, तरी द्वार-पट्ट आपल्याजवळील सारणीनुसार पॅकेटे पाठवीत राहतात व तोवर दुसरा संस्कारक सूत्रे हाती घेतो.

मर्यादा : सर्व पट्ट ज्यात खोचले जातात तो पार्श्वपट्ट सांगाड्याचाच भाग असल्याने सहसा बदलता येत नाही. त्याची वहनक्षमता ही यंत्राच्या वाढीची सीमा ठरते. तसेच सारणी मावण्याइतकी स्मृती प्रत्येक द्वार-पट्टावर लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या मार्गांची संख्या सुमारे ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली. काही जुन्या राउटरांतील विशेष स्मृतीत या प्रकारच्या नोंदींसाठी तेवढीच जागा राखलेली असल्याने ते मंदावले किंवा बंद पडले आणि अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली. काही यंत्रांत स्मृतीची फेरवाटणी करून यंत्र पुन्हा सुरू करणे पुरेसे झाले. इतरांत पट्टच बदलावे लागले. या यंत्रांत कोणताही भाग मोडलेला नव्हता. मार्गांची संख्या आता सुमारे १० लाखांच्या घरात आहे. त्यामुळे घटक निवडताना तो किती सहज बदलता येतो याबरोबरच त्यात वाढीला किती वाव आहे, हेही पाहावे लागते.