सशाने चारा सोडला तर : पाळीव सशांच्या पोटाचे आकस्मिक विकार

गाय, म्हैस, शेळी यांच्या दुखण्याखुपण्याविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. म्हैस रवंथ करायची थांबली, तिची डावी कूस फुगली, की घरातील वडीलधारी व्यक्ती गोठ्याच्या दारातूनच काय ते ओळखते आणि माणूस दवाखान्याकडे धाडते. सशाच्या बाबतीत असा पिढीजात अनुभव आपल्याला नाही. ससा आपल्या घरात आला तो अलीकडे, आणि बहुधा मुलांच्या हट्टापायी. गोष्टीतल्या सशाला आपण ओळखतो. पिंजऱ्यातल्या सशाचे शरीर कसे चालते, हे मात्र बहुसंख्य कुटुंबांना ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत त्या मुक्या प्राण्याला, तीही एक-दोन दिवसांतच, चुकती करावी लागते.

प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या बिऱ्हाडात घडलेली हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. शनिवारी सायंकाळी त्यांच्या पांढऱ्या सशाने कोथिंबीर हुंगून बाजूला सारली. ‘रुसला असेल’ असे म्हणून घरच्यांनी त्याला केळे दिले, तेही त्याने खाल्ले नाही. रविवारी ओव्याचे पाणी झाले, तान्ह्या मुलाचे पोटदुखीचे औषध झाले. सोमवारी कार्यालयाची वेळ सांभाळून दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे कान थंडगार पडले होते. दुपारी तो दगावला. त्या कुटुंबाने हयगय केली असे म्हणवत नाही, माया होतीच. सशाच्या उपासाचे मोजमाप दिवसांत नव्हे, तर तासांत करायचे असते, एवढेच त्यांना कुणी सांगितले नव्हते.

पचनाची निराळी तऱ्हा

पाळीव ससा हा मूळचा युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज होय. आपल्या माळरानांवर आणि उसाच्या फडांत दिसणारा रानससा ही वेगळी जात असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. ऊसतोडणीच्या वेळी सापडलेली त्याची पिले घरी आणून पाळणे हा गुन्हा ठरतो. प्रस्तुत विवेचन आहे ते पाळीव सशापुरते.

सशाचे अन्न गवत, परंतु तो रवंथ करीत नाही. गवतातील चोथा फोडण्याचे जे काम गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात चालते, ते सशाच्या शरीरात लहान आतड्याच्या शेवटी असलेल्या एका मोठ्या पिशवीत चालते. हिला उंडुक किंवा आंधळे आतडे म्हणतात. सशाच्या एकूण पचनमार्गाच्या धारणशक्तीपैकी सुमारे ४० टक्के वाटा या एकट्या पिशवीचा असतो. तिच्यातील असंख्य सूक्ष्मजंतू अन्न आंबवतात आणि त्यातून तयार झालेल्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारख्या लेंड्या ससा गुदद्वाराला तोंड लावून थेट गिळतो. अनेकांना हा प्रकार किळसवाणा वाटतो आणि ते सशाला त्यापासून परावृत्त करू पाहतात. तसे करू नये. त्या लेंड्यांतून त्याला प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. त्याची रवंथ ती हीच.

ही सारी यंत्रणा चालू राहते ती चोथ्याच्या रेट्यावर. तंतुमय चारा सतत आत येत राहिला, तर आतडी हलत राहतात. तो कमी झाला की हालचाल मंदावते, पोटातील अन्न सुकून घट्ट होते, उंडुकातील सूक्ष्मजंतूंचा समतोल ढळतो आणि वायू साठू लागतो. वायूने पोट दुखते. दुखणारा ससा खात नाही. न खाल्ल्याने आतडी आणखी मंदावतात. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप क्वचितच थांबते. त्यातच सशाला ओकारी येऊ शकत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत बाहेर पडण्याची वाट बंद. लठ्ठ सशाचा उपास लांबला, तर शरीरातील चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होण्याचे भय असते.

सशाच्या पोटात केसांचा गोळा होतो व त्यामुळे तो आजारी पडतो, अशी एक जुनी समजूत आहे आणि त्यावर अननसाचा रस पाजण्याचा उपाय सुचवला जातो. वस्तुतः अंग चाटण्याची सवय असल्याने निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच, आणि ते लेंड्यांवाटे निघून जातात. आतडी मंदावली म्हणजे ते अन्नासह घट्ट होऊन राहतात. अर्थात गोळा हा बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. अननसाचा रस केस विरघळवीत नाही, त्यातील साखर मात्र बिघडलेल्या पोटात भर घालते.

भित्र्या प्राण्याचे मूक दुखणे

एखाद्याला भित्रा म्हणायचे झाल्यास आपण ‘सशाचे काळीज’ म्हणतो. जो प्राणी इतरांचे भक्ष्य आहे, त्याला आपले दुखणे लपवावेच लागते. दुबळा दिसला की तो हेरला जातो. म्हणूनच ससा विव्हळत नाही. दुखणे त्याच्या वागण्यावरून ओळखावे लागते.

पहिली खूण चाऱ्याची. नेहमी आवडीने खाल्ली जाणारी मेथी किंवा कोथिंबीर त्याने नाकारली, तर ती तक्रारच समजावी. दुसरी खूण लेंड्यांची, आणि ती अधिक विश्वसनीय आहे. निरोगी ससा दिवसाकाठी शेकडो गोल, कोरड्या, एकसारख्या लेंड्या टाकतो. त्या लहान, काळपट, वेड्यावाकड्या होऊ लागल्या, केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या किंवा अजिबात थांबल्या, तर आतडी मंदावली आहेत असे निश्चित समजावे. पिंजरा झाडताना लेंड्यांकडे रोज एक नजर टाकण्याची सवय घरातील एका माणसाने लावून घेतली, तर निम्मे काम होते.

पोट दुखणारा ससा कोपऱ्यात पाठीची कमान करून बसतो, अधूनमधून पोट जमिनीला दाबतो, जागा बदलत राहतो, डोळे अर्धवट मिटतो. तो दातही खातो. कुरवाळताना सुखावलेला ससा हलकेच दात वाजवतो, ते निराळे. वेदनेने खाल्लेल्या दातांचा आवाज मोठा आणि करकरीत असतो. कान गार लागणे हे उतरत्या तापमानाचे चिन्ह आहे. सशाचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्या हिशेबाने त्याला कायमच ताप असतो. ते ३८ अंशांच्या खाली जाणे गंभीर होय.

याहून भयंकर प्रकार म्हणजे आतड्याची वाट बंद होणे. केसांचा घट्ट लहान गोळा, मक्याचा दाणा, वाळलेल्या वाटाण्यासारखी पाण्याने फुगणारी बी किंवा सतरंजीचा कुरतडलेला धागा लहान आतड्यात अडकतो. सकाळी उड्या मारणारा ससा दुपारी अचानक मलूल होतो. जठर वायूने व पाण्याने तट्ट फुगते, बरगड्यांच्या मागे पोट नगाऱ्यासारखे ताणलेले लागते, अंग गार पडते आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात दुखणे हळूहळू वाढते, दुसऱ्यात ते झडप घालते. हा फरक ओळखण्यासाठी पशुवैद्यक क्ष-किरण चित्र घेतात, तसेच रक्ताच्या एका थेंबावरून साखर तपासतात. दर १०० मिलिलिटर रक्तात ती ३६० मिलिग्रॅमहून अधिक आढळली, तर वाट बंद झाल्याचा संशय बळावतो आणि शस्त्रक्रियेचा विचार तातडीने करावा लागतो.

पिलांच्या हगवणीचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. शहरांतील प्राणिबाजारांत पुष्कळदा तीन-चार आठवड्यांची पिले विकली जातात. त्यांचे दूध तुटलेले असते, चारा पचवणारे सूक्ष्मजंतू पोटात पुरते स्थिरावलेले नसतात, आणि प्रवासाचा धसका असतो तो निराळाच. अशा पिलाला पाण्यासारखी किंवा शेंबडासारखी बुळबुळीत हगवण लागली, तर ते एका दिवसात हातचे जाते. कॉक्सिडिया नावाचे आतड्यांतील परजीवीही याच वयात बळावतात आणि ओलसर, अस्वच्छ जागेत त्यांचा प्रसार होतो. सहा ते आठ आठवड्यांहून लहान पिलू विकत घेऊच नये. प्रौढ सशाला खरी हगवण क्वचितच होते; त्याच्या बुडाला चिकटलेले असते ते बहुधा न खाल्लेल्या मऊ लेंड्यांचे लेपण. तेही पावसाळ्यात दुर्लक्षून चालत नाही, कारण त्यावर माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात कातडीत किडे पडतात.

पहिल्या काही तासांत काय करावे

सशाने खाणे सोडून आणि लेंड्या टाकणे थांबवून दहा-बारा तास झाले असतील, तर ती तातडीची अवस्था मानावी व सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. पोट फुगून टणक झाले असेल, ससा आडवा पडला असेल किंवा पिलाला हगवण लागली असेल, तर एक तासही दवडू नये.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. कान गार असतील, तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, मात्र तिच्यापासून दूर सरकायला त्याला जागा असावी. वैशाखातील उष्म्याने धापा टाकणाऱ्या सशाला ऊब देऊ नये. त्याचे कान ओल्या फडक्याने पुसावेत. वाडग्यात ताजे पाणी व पुढ्यात हिरवा पाला असू द्यावा. जोडीदार ससा असल्यास त्याला सोबत न्यावे. एकटेपणाने रोगी अधिक घाबरतो. टोपलीत खाली गोणपाट किंवा जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. शेवटचे खाणे केव्हा झाले, शेवटची लेंडी केव्हा दिसली, हे कागदावर लिहून घ्यावे आणि सापडतील त्या लेंड्याही पुडीत बांधून न्याव्यात.

जबरदस्तीने भरवण्याचा मोह आवरावा. आतड्याची वाट बंद असेल, तर पिचकारीने घातलेले अन्न घातक ठरते. वाट मोकळी असल्याची खात्री पशुवैद्यकाने करून दिल्यावर मात्र तंतुमय चाऱ्याची पातळ पेज थोडी थोडी भरवणे हाच उपचाराचा गाभा असतो. त्याच्या जोडीला शिरेवाटे किंवा कातडीखाली द्रव, वेदनाशामक आणि गरजेनुसार आतड्यांना चालना देणारे औषध दिले जाते. यात वेदनाशामकाचे महत्त्व मोठे आहे, कारण दुखणे थांबल्याशिवाय ससा तोंड हलवीत नाही.

घरातील औषधांच्या डब्याला हात लावू नये, हे ठासून सांगावेसे वाटते. लहान मुलांसाठी आणलेले अॅमॉक्सिसिलिनचे किंवा अॅम्पिसिलिनचे पातळ औषध सशाला तोंडावाटे पाजले, तर उंडुकातील उपकारक जंतू मरतात, विष निर्माण करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि बरा होऊ पाहणारा ससा औषधानेच मरतो. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन हीदेखील तशीच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, एरंडेल, गुरांच्या पोटफुगीवरील तेलकट औषधे यांपैकी काहीही पाजू नये. शस्त्रक्रिया ठरल्यास ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे कुणी सांगितले, तर पशुवैद्यकाला पुन्हा विचारून घ्यावे. ओकारीची भीती नसल्याने सशाला तसे उपाशी ठेवण्याची गरज नसते.

सर्वच पशुवैद्यकांना सशाच्या उपचारांचा सराव असतो असे नाही. तालुक्याच्या ठिकाणी गाई-म्हशींचीच गर्दी असते. यास्तव ससा धडधाकट असतानाच जवळपासच्या कोणत्या दवाखान्यात सशांवर उपचार होतात, रात्री कोण भेटते, याची चौकशी करून ठेवणे शहाणपणाचे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. त्यांतील सर्वात जुने, मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे.

मूळ उपाय वैरणीत

वाळलेले गवत हे सशाचे मुख्य अन्न, आणि ते चोवीस तास पुढ्यात असावे. दैनंदिन आहाराचा चार-पंचमांश भाग गवताचा असणे इष्ट. त्यासोबत हरळी, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. दाणेदार तयार खाद्य दिलेच, तर किलोभर वजनामागे २० ते २५ ग्रॅमपर्यंतच. लसूणघास वाढत्या पिलांना चांगला, प्रौढांना रोज नको, कारण त्यात चुन्याचे प्रमाण अधिक असते. पोळी, पाव, बिस्किटे, हरभऱ्याची डाळ, गूळ यांपासून त्याला दूर ठेवावे. गाजर ही चित्रातल्या सशाची आवड असली, तरी तीत साखर असते. एखादी चकती पुरे. खाद्य बदलायचे झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे.

गवत चघळण्याचा दुसरा लाभ दातांचा. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवतानेच झिजतात. मऊ अन्नावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात, ती गालात व जिभेत रुततात, मग तो खाणे सोडतो आणि पोट बंद पडते. पोटाच्या दुखण्याचे मूळ असे कित्येकदा तोंडात सापडते.

आपल्या हवामानात आणखी दोन प्रसंगी दक्षता हवी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा ससा चारा कमी करतो आणि पाण्यावाचून त्याचे पोट सुकते. सावली, ओले गोणपाट आणि सतत भरलेले पाण्याचे वाडगे यांची तजवीज करावी. दुसरा प्रसंग दिवाळीचा. फटाक्यांच्या धसक्यानेही आतडी मंदावतात. त्या चार दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत घ्यावा आणि रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात.

आजारातून उठलेल्या सशाची पहिली लेंडी दिसली की घरात आनंद होतो, परंतु उपचार तेथे थांबवू नयेत. खाणे आणि लेंड्या पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागू शकतात. तोवर सांगितलेली वेदनाशामक औषधे व पेज चालू ठेवावी, रोज त्याच वेळी त्याच काट्यावर वजन करावे आणि आठवड्याने दाढा तपासून घ्याव्यात.