रोग रेड्याला, औषध पखालीला

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पूर्वी रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल घालून पाणी वाहत असत. रेडा आजारी पडला आणि मालकाने औषध चोपडले पखालीला! मग रेडा बरा कसा होणार? त्या मालकाला आपण हसतो. पण औषधाच्या बाबतीत आपणही कधी कधी तसेच वागतो. कसे ते पाहू.

समजा, आपल्या गावात एक तात्या आहेत. वय साठीच्या पुढे. जन्मभर ओझी वाहून गुडघे झिजलेले. एके दिवशी गुडघा सुजला. शेजारचा पोरगा म्हणाला, "तात्या, मागं माझ्या पायात काटा मोडला होता. पाय पिकला होता. दवाखान्यात ह्या कॅप्सूल दिल्या. चार दिवसांत ठणका गेला बघा. दोन उरल्यात, घ्या तुम्ही."

तात्यांनी त्या घेतल्या. दुकानातून आणखी आणल्या. गुडघा होता तसाच राहिला. पैसे गेले आणि पोट बिघडले ते वेगळेच.

पोरगा काही खोटे बोलला नाही. त्याचा ठणका त्याच कॅप्सूलने गेला होता. मग तात्यांचा का गेला नाही?

आधी सूज म्हणजे काय ते समजून घेऊ. शरीरात कुठे इजा झाली की तिकडे रक्त जास्त धावते. रक्तातल्या राखणदार पेशी तिथे गोळा होतात. म्हणून ती जागा लाल होते, गरम लागते, फुगते आणि दुखते. गावात आग लागली की सगळे धावतात, गलका होतो, तसेच हे. सूज हा त्या धावपळीचा गलका आहे.

पण गलका का झाला, हे नुसत्या गलक्यावरून कळत नाही. काट्याबरोबर जंतू आत शिरले, तर सूज येते. मुरगळले तरी सूज येते. सांधा झिजला तरी येते. काही वेळा राखणदार पेशीच चुकतात आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. त्या रोगाला आमवात म्हणतात. सूज दिसायला सारखी, पण कारणे निरनिराळी.

पोराने घेतली ती कॅप्सूल अँटिबायोटिक होती. अँटिबायोटिक म्हणजे जंतूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे औषध. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांना दिसले, की एका बुरशीच्या आसपास जंतू वाढत नाहीत. त्यातून पुढे पेनिसिलीन निघाले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ह्या औषधांनी लाखो माणसे वाचली.

आता उत्तर सोपे आहे. पोराच्या पायात जंतू होते. जंतू मेले, सूज उतरली, ठणका गेला. तात्यांच्या गुडघ्यात जंतू नव्हतेच. मग औषध मारणार कोणाला?

काही दुखणी मात्र अशी आहेत, की त्यांच्यामागे जंतू आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. जठरातल्या जखमेचे दुखणे त्यातलेच. लोक म्हणत, हे काळजीने होते, तिखटाने होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल ह्या दोन डॉक्टरांना त्यामागे जंतू दिसले. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू घातलेले पाणी प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली! आज अशा जंतूंमुळे झालेली जखम अँटिबायोटिकने बरी करतात. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्यावर कोणी विचारील, "जंतू नसले, तर ह्या औषधाचा सुजेवर काहीच उपयोग नाही का?" प्रश्न चांगला आहे. शास्त्रज्ञांनीही तो विचारला आहे.

स्वीडन देशात नाना स्वार्ट्स नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. आमवात जंतूंमुळे होत असावा, असे त्यांना वाटे. म्हणून १९४० च्या सुमारास त्यांनी जंतूंवरचे सल्फा औषध आणि दुखणे कमी करणारे औषध जोडून एक नवे औषध करवून घेतले. त्याचे नाव सल्फासॅलाझिन. आमवाताचा असा जंतू काही सापडला नाही. पण औषध लागू पडले! ते चुकलेल्या राखणदारांना शांत करते. आजही आमवातात आणि आतड्याच्या एका सुजेत डॉक्टर ते देतात. मधूनमधून रक्त तपासून देतात, हे विसरू नका.

डॉक्सिसायक्लिन हे दुसरे औषध. जंतूंसाठी ते १०० मिलिग्रॅमचे देतात. पण हिरड्यांच्या रोगात २० मिलिग्रॅमची गोळीही वापरली जाते. एवढ्याशा गोळीने जंतू मरत नाहीत. पण हिरडी खाणारा जो रस शरीरातच तयार होतो, त्याला ती आवर घालते.

म्हणजे काही अँटिबायोटिकांना दोन हात आहेत. एक हात जंतूंना मारतो, दुसरा सूज शांत करतो. मग तात्यांचे काय चुकले? थांबा, पुढचे ऐका.

नवे बियाणे आले की शहाणा शेतकरी सगळे रान त्यावर लावत नाही. चार सऱ्यांत नवे लावतो, शेजारच्या चार सऱ्यांत जुने, आणि मग तुलना करतो. औषधाचेही तसेच करतात. काही रोग्यांना खरे औषध देतात. काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय दिले, हे रोग्यालाही सांगत नाहीत.

अमेरिकेत २१९ आमवाताच्या रोग्यांवर मिनोसायक्लिनची अशी परीक्षा झाली. ती ४८ आठवडे चालली. निकाल १९९५ साली आला. औषध घेणाऱ्यांची सूज थोडी अधिक उतरली. फायदा होता, पण मोठा नव्हता. आज आमवातावर त्याहून चांगली औषधे आहेत.

कंबरदुखीची गोष्ट तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१३ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी सांगितले, की एका ठराविक जातीच्या जुन्या कंबरदुखीत १०० दिवस अँटिबायोटिक दिले आणि रोग्यांना पुष्कळ बरे वाटले. जगभर आशा वाढली. मग नॉर्वेतल्या डॉक्टरांनी १८० रोग्यांवर तीन महिने पुन्हा परीक्षा घेतली. २०१९ साली निकाल आला. सांगण्याजोगा फायदा दिसला नाही. औषधाचे त्रास मात्र जास्त जणांना झाले. एका वर्षाच्या पिकावरून बियाणे ठरवू नये, ते ह्याचसाठी.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. अँटिबायोटिक हे अंगदुखीचे औषध नव्हे. ज्या थोड्या रोगांत ते सूज कमी करते, तिथेही कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील.

विनाकारण घेतले तर काय बिघडते? तात्यांचे पोट बिघडले, ते तुम्ही पाहिलेच. कोणाच्या अंगावर पुरळ उठते. पण मोठे नुकसान पुढेच आहे. कपाशीवर तेच ते औषध फवारत राहिले, की अळी त्याला जुमानत नाही. जंतूही तसेच निर्ढावतात. मग खरोखर निमोनिया झाला, बाळंतिणीला जंतूंचा ताप चढला, की त्या वेळी औषध लागू पडत नाही. निर्ढावलेले जंतू एका घरात राहत नाहीत. ते गावभर पसरतात. तात्यांच्या गोळीची किंमत शेजारच्या तान्ह्या पोराला मोजावी लागेल.

मग सूज आली तर काय करावे?

एकच सांधा एकाएकी सुजला, गरम झाला, हलवता येईना आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतू शिरले असतील, तर काही दिवसांतच सांधा कायमचा निकामी होतो. इथे अँटिबायोटिकच हवे आणि तेही लवकर.

दोन्ही हातांची बोटे सुजतात, सकाळी तासभर आखडलेली राहतात आणि असे आठवडेच्या आठवडे चालते, तर तो आमवात असू शकतो. अंगावर काढू नका. तपासून घ्या.

तात्यांसारखा झिजलेला गुडघा असेल, तर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, शेक आणि वजन आटोक्यात ठेवणे ह्याने आराम पडतो. दुखणे कमी करणारी गोळीही डॉक्टरला विचारूनच घ्यावी. ती फार दिवस घेतली तर पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, तर सांगितले तितके दिवस घ्या. उरवून ठेवू नका. उरलेले शेजाऱ्याला देऊ नका. त्या पोराने माया केली, पण मायेत चूक झाली.

आणखी एक. गोळ्यांचे पाकीट हातात आले की नीट पाहा. त्यावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. पाकिटावरची अक्षरे बारीक असतात, पुष्कळदा इंग्रजीही असतात. पण लाल रेघ कोणालाही वाचता येते. तुम्ही ती वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दाखवा.