‘तिऱ्हाईत’ विक्रेता आणि ‘पहिली प्रत’ : घड्याळांच्या ऑनलाइन व्यापारातील काही शब्द

कारखानदाराचा अधिकृत प्रतिनिधी नसताना त्याची मौल्यवान घड्याळे ऑनलाइन विकणाऱ्या व्यापाऱ्यास मराठीत ‘तिऱ्हाईत विक्रेता’ म्हणता येईल. तिऱ्हाईत म्हणजे दोन पक्षांपैकी कोणाचाही नसलेला. म्हणून निःपक्षपाती, आणि म्हणूनच परकाही. लाखो रुपयांचे घड्याळ केवळ वर्णन वाचून विकत घेतले जाते तेव्हा शब्द हीच मालाची खूण ठरते. त्या शब्दांची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम तिऱ्हाइताचाच विचार करू. एखाद्या देशातील अधिकृत दुकानातून उचललेले घड्याळ हा व्यापारी दुसऱ्या देशात विकतो. या व्यापारास ‘ग्रे मार्केट’ म्हणतात. येथे माल खोटा नसतो. तो आलेला मार्ग तेवढा कारखानदारास मान्य नसतो. ज्या नमुन्यांना मागणी बेताची, ते छापील किमतीहून स्वस्त मिळतात. रोलेक्सच्या काही पोलादी घड्याळांसारखे दुर्मिळ नमुने उलट महाग पडतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 साली सॅमसंगच्या छपाईयंत्रांच्या वादात अशी समांतर आयात ग्राह्य धरली. परंतु मूळ कंपनी या मालाची हमी घेत नाही, असे विक्रेत्याने ठळकपणे सांगितले पाहिजे, असेही बजावले.

व्यवहाराची खरी मेख या ‘हमी’ शब्दातच आहे. ‘हमी’ हे नाम षष्ठीवाचून अपुरे आहे. कोणाची हमी, हे सांगितल्याखेरीज त्यास अर्थच येत नाही. जाहिरातीत मात्र ‘दोन वर्षांची वॉरंटी’ एवढेच छापलेले असते. तेथे षष्ठी आहे, पण ती मुदतीची; हमीदाराची नव्हे! ही हमी पुष्कळदा विक्रेत्याची स्वतःची असते व त्याचे दुकान चालू आहे तोवरच टिकते. कारखान्याची हमी असली तरी तिचा आरंभ पाहावयास हवा. रोलेक्सची पाच वर्षांची हमी अधिकृत दुकानातील पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते. आपल्या हाती घड्याळ येईतो तिच्यातील किती काळ सरला, हे कार्डावरील तारखेवरून कळते.

ज्या संकेतस्थळावर घड्याळ दिसते, ते तरी विक्रेता असते काय? 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी दोन प्रकार वेगळे मानले आहेत : स्वतःचा माल विकणारे आणि इतरांच्या विक्रीस केवळ जागा देणारे. वऱ्हाडातील वाचकास हा भेद नवा वाटू नये. अडत्या कापसाचा मालक नसतो, हे आपल्याकडे कोण जाणत नाही? मात्र अडत्याची गादी कोठे आहे ते आपणांस ठाऊक असते. जागा देणाऱ्या स्थळाने विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविला पाहिजे, असे हे नियम सांगतात. पैसे भरण्यापूर्वी तो वाचावा. क्रोनो24 या जर्मन बाजारपेठेत ग्राहकाचा पैसा काही काळ मध्यस्थाकडे राखून ठेवण्याची सोय आहे. तेथे तिऱ्हाइताचा निःपक्षपाती हा अर्थ उपयोगी पडतो.

‘फर्स्ट कॉपी’ हा प्रयोग याहून फसवा आहे. भारतीय बाजारात त्याचा अर्थ उत्तम वठलेली नक्कल असा होतो. म्हणजे माल सरळसरळ बनावट. पण मराठी कानास तो तसा लागत नाही. आपल्या भाषेत ‘प्रत’ म्हणजे नक्कल आणि ‘प्रत’ म्हणजे दर्जाही. कापसाची प्रतवारी होते, तांदूळ पहिल्या प्रतीचा असतो. त्यामुळे ‘फर्स्ट कॉपी’ ऐकताच नकलेचा अर्थ मागे पडून दर्जाचा अर्थ पुढे येतो, आणि बनावट मालास विशेषणाची प्रतिष्ठा लाभते. ‘मास्टर कॉपी’चीही हीच गत.

‘मुंबई स्पेशल’ची कथा निराळी आहे. फावर-ल्यूबा या स्विस पेढीने 1865 साली मुंबईत व्यापार सुरू केला. वेस्ट एंड, सायको, एचएमटी यांच्याप्रमाणे तिचीही जुनी घड्याळे येथे विपुल सापडतात. त्यांतील काहींच्या तबकड्या नव्याने रंगवितात, निरनिराळ्या घड्याळांचे काटे व कवच एकत्र बसवितात आणि ती ऑनलाइन विकतात. अशा जुळणीस जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ते निंदेने. चहाच्या टपरीवरील ‘स्पेशल’शी त्याचे नाते नाही. रिद्धपुरात, जेथे महानुभावीय पोथ्यांतील पाठभेदांची चर्चा नित्याची आहे, हा प्रश्न चटकन समजावा. तीन पोथ्यांची अस्सल पाने एका बासनात बांधली म्हणजे चौथी अस्सल पोथी होत नाही. ‘सर्व भाग ओरिजिनल’ हे विधान अशा घड्याळाबाबत खरे असू शकते आणि तरीही दिशाभूल करू शकते. म्हणून आतील यंत्राचे छायाचित्र व त्यावरील क्रमांक मागावा. ‘फुल सेट’ म्हटले असल्यास कार्डावरील आणि कवचावरील क्रमांक जुळतात की नाही, ते पाहावे.

फसगत झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. 50 लाख रुपयांपर्यंतचा मोबदला दिला असल्यास तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. रिद्धपूरच्या ग्राहकास त्यासाठी मुंबईस जावयास नको, अमरावती पुरे. विक्रेता परदेशी असेल तर मात्र आदेश मिळूनही त्याची अंमलबजावणी कठीण. शिवाय माल परदेशातून थेट मागविल्यास सीमाशुल्क आयातदार म्हणून ग्राहकावरच पडते. तेव्हा विक्रेत्याचा पत्ता, हमीदाराचे नाव आणि जाहिरातीचा मूळ मजकूर, तिन्ही जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. मजकूर नंतर बदलता येतो.