गळा पाहून रचना

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वृंदगान म्हणजे अनेकांनी मिळून एकच चाल गाणे नव्हे. त्यात निरनिराळ्या उंचीचे गळे एकाच वेळी आपापली स्वतंत्र ओळ गातात आणि त्या ओळी एकमेकींना भेटतात तेथे स्वरमेळ, म्हणजे हार्मनी, उभी राहते. आपल्याकडची आरती किंवा शाळेतले समूहगीत एकस्वरी असते; तेथे सगळे एका चालीवर येतात, येथे मात्र प्रत्येकाला शेजाऱ्याची वेगळी चाल कानावर पडत असताना स्वतःची सांभाळायची असते. रूढ मांडणीत असे चार गळे धरले जातात : स्त्रियांचा उंच गळा सोप्रानो, त्याखालचा आल्टो, पुरुषांचा उंच गळा टेनर आणि खर्जाकडचा बास. महाविद्यालयांतील, चर्चमधील आणि हौशी मंडळांतील वृंदांच्या बाबतीत अर्धे यश तालमीआधीच, रचना निवडण्याच्या क्षणी ठरते, कारण चुकीची निवड तीन महिन्यांच्या तालमीनेही दुरुस्त होत नाही.

रागसंगीत गाणाऱ्याला आपली पट्टी निवडण्याची मोकळीक असते; कोणी पांढरी चारमध्ये गातो, कोणी काळी एकमध्ये. वृंदगानात ही मोकळीक फारशी उरत नाही, कारण चारही ओळी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि सोप्रानोंची दमछाक होते म्हणून सगळी रचना दोन स्वरांनी खाली आणली, की बास गाणाऱ्यांचे खालचे स्वर ऐकूच येईनासे होतात. म्हणून निवड करणाऱ्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. एक म्हणजे ओळीतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर, आणि दुसरी, अधिक महत्त्वाची, म्हणजे ती ओळ बहुतांश वेळ कोठे वावरते, ज्याला टेसितुरा म्हणतात. एखादा तार स्वर एकदा गाठून परतणे हौशी गळ्याला जमते, पण त्याच्या आसपास पानभर थांबणे जमत नाही. हौशी वृंदात टेनर बहुधा सर्वांत कमी असतात, तेव्हा कोणतीही नवी प्रत हाती आली की प्रथम टेनरचीच ओळ गाऊन पाहणे शहाणपणाचे ठरते.

मोत्झार्टची ‘आवे व्हेरुम कोर्पुस’ ही रचना या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. जून १७९१ मध्ये, मृत्यूच्या सहा महिने आधी, त्याने ती व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातील वृंदप्रमुख आंटोन श्टोल याच्यासाठी लिहिली. चार गळे, तंतुवाद्ये आणि ऑर्गन एवढाच तिचा संसार असून तिची लांबी अवघी ४६ मात्राखंडांची आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर तिची पट्टी पांढरी दोन. बराच वेळ चारही गळे एकच शब्द एकाच वेळी उच्चारत पुढे सरकतात, त्यामुळे नवख्या गायकाला शेजाऱ्याचा आधार मिळतो; मध्यावर मात्र सूर अनपेक्षितपणे दूरच्या स्वरक्षेत्रात वळतो आणि तेथे वृंदाचा कान कसोटीला लागतो. अखेरीस स्त्रियांचे दोन गळे पुढे जातात व पुरुषांचे दोन त्यांच्या मागून तीच ओळ उचलतात, म्हणजे एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या स्वरओळींची पहिली ओळख येथे होते. आवाजाच्या लहान-मोठेपणाची सूचना आरंभी एकच, ‘दबक्या स्वरात’ अशी. बाकीचे सारे गाणाऱ्यांच्या समजुतीवर सोपवलेले आहे. लहान गावच्या वृंदासाठी लिहिलेली ही रचना जगभरचे मोठे वृंदही आदराने गातात.

याच्या अगदी उलट उदाहरण हेंडेलच्या ‘मसाया’तील ‘हालेलुया’चे. हेंडेलने ही कलाकृती १७४१ मध्ये रचली आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये ती प्रथम सादर झाली. श्रोत्यांना ओळखीचा आणि टाळ्या मिळवून देणारा म्हणून हा भाग शिकाऊ वृंद हौसेने निवडतात. पण त्यातील सोप्रानोंना लांबवलेले स्वर पायरी-पायरीने वर नेत राहावे लागते आणि तोवर गळे थकलेले असतात. यावर तोड म्हणून त्याच्या सोप्या केलेल्या, दोनच गळ्यांच्या मांडण्या वापरल्या जातात. मात्र या रचनेचा प्राण असलेली जागा, जेथे बासांनी सुरू केलेली ओळ टेनर, मग आल्टो आणि शेवटी सोप्रानो उचलतात व इमारत मजल्यामजल्याने उभी राहते, ती दोन गळ्यांत उभीच राहू शकत नाही. थोर रचनेचे कापलेले रूप गाण्यापेक्षा आपल्या आवाक्यातली लहान रचना मूळ रूपात गाणे हे गायकांसाठी आणि श्रोत्यांसाठीही अधिक मोलाचे आहे.

पुरुषांचे गळे नाहीत, म्हणून अभिजात संगीताची दारे बंद होत नाहीत. पर्गोलेझीने १७३६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, ‘स्ताबात मातेर’ ही रचना सोप्रानो व आल्टो या दोनच गळ्यांसाठी लिहिली, आणि तिचे काही भाग मुलींच्या शाळेतील वृंदाला मुळातले काहीही न बदलता गाता येतात. विवाल्दीच्या सुप्रसिद्ध ‘ग्लोरिया’तील ‘लाउदामुस ते’ हे दोन सोप्रानोंचे युगुलगीतही असेच उपयोगी पडते. विवाल्दी व्हेनिसमधील ज्या अनाथालयात शिकवीत असे, तेथील मुली वृंदगानासाठी युरोपभर नावाजलेल्या होत्या, आणि पुरुषी वाटणाऱ्या खालच्या ओळीही त्यांच्यापैकी काही जणीच गात असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

मुलग्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. साधारण बारा ते पंधरा या वयात त्यांचा आवाज फुटतो, सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो, आणि मधल्या काळात खात्रीने लागणारे स्वर पाच-सहाच उरतात. या वयाच्या मुलांना प्रौढांची टेनर ओळ देणे गळ्याला अपायकारक आहे. सर्व पुरुषांना एकच ओळ देणाऱ्या तीन गळ्यांच्या मांडण्या बाजारात मिळतात, परंतु त्यांतली ती सामाईक ओळ पुष्कळदा बासांना उंच आणि टेनरांना खाली पडते, म्हणून तीही गाऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

भाषेचा विचार स्वरांइतकाच करावा लागतो. लॅटिनमधील आ, ए, इ, ओ, उ हे मोकळे स्वर मराठी वा कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडात आयतेच बसलेले असतात, त्यामुळे पहिल्या निवडीसाठी लॅटिन सोयीची. फ्रेंचमधील नाकातून येणारे स्वर वेगळे शिकवावे लागतात. फोरेने वयाच्या विसाव्या वर्षी पूर्ण केलेली आणि १८६५ मध्ये त्याला शाळेचे पहिले पारितोषिक मिळवून देणारी ‘कांतिक द जाँ रासीन’ ही रचना स्वरांच्या दृष्टीने पेलण्याजोगी आहे. बास, टेनर, आल्टो, सोप्रानो असे गळे खालून वर एकेक करून प्रवेश करतात. उच्चारांसाठी मात्र तालमीचा वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो.

ही परंपरा आपल्या प्रदेशालाही परकी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी शिकवली गेली, आणि तेथील गायक कागदावरून गातात ते याच शिक्षणामुळे. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी उभारलेल्या वृंदाची धुरा त्यांच्या निधनानंतर १९६७ पासून कूमी वाडिया यांनी अनेक दशके वाहिली. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परांज्योतींची ‘द्राविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना भारतीय धर्तीच्या स्वरांना चार गळ्यांत बांधते. स्वतःच्या मातीतले संगीत मांडायचे, तर ते चार ओळींच्या स्वभावातून नव्याने घडवावे लागते, याचे ती उत्तम उदाहरण आहे. तयार चालीखाली हार्मनीचे स्वर चिकटवून ते साधत नाही.

राहिला प्रश्न प्रतींचा. भारतात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मोत्झार्ट, विवाल्दी आणि १९२४ मध्ये निवर्तलेला फोरे यांच्या मूळ रचना त्यामुळे सर्वांना खुल्या आहेत. हयात संयोजकाने केलेल्या नव्या मांडणीवर मात्र त्याचा स्वतंत्र हक्क असतो, आणि एक प्रत विकत घेऊन चाळीस छायाप्रती काढणे हा त्याच्या श्रमांवरचा अन्याय आहे. ज्यांच्यावरील हक्क संपले आहेत अशा रचनांच्या प्रती १९९८ पासून चालणाऱ्या ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ या इंटरनेटवरील संग्रहात विनामूल्य मिळतात. त्या उतरवून घ्याव्यात, चारही ओळी एकेकदा स्वतः गाऊन पाहाव्यात, आणि ज्या रचनेत आपल्या वृंदातला सर्वांत कच्चा गळाही तग धरेल, ती पुढच्या तालमीला न्यावी.