टर्बोपुराण : छर्रा, स्प्रिंग आणि एक बारीक भोक

बूस्ट कंट्रोलर आज बसवायचा असं ठरलं होतं. पाने-पक्कड घेऊन तयार बसलेल्यांना आठवडाभर थांबवतो, कारण मिशिगनमधल्या एका वाचकाच्या तक्रारीने माझा जुना आवडता विषय उकरून काढला आहे. त्यांच्याकडे मित्सुबिशी एक्लिप्स आहे, नव्वदच्या दशकातली, टर्बोवाली. कंट्रोलर त्यांनी स्वतः बसवला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झकास ओढते. तिसरा टाकला की टर्बो मेल्यासारखा. गाडी पाच मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सगळं ठीक!

टर्बो मेलेला नाही. कंट्रोलरला भोक नाही.

त्यांचा कंट्रोलर छर्रा-स्प्रिंगवाला आहे. कॉम्प्रेसरकडून आलेला दाब छर्ऱ्यावर आदळतो, मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते. ठरवलेला दाब येईपर्यंत पलीकडच्या, वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला काही कळतच नाही, म्हणून एक्झॉस्टला टर्बाइन टाळून वाट देणारं हे वेस्टगेट घट्ट बंद राहतं आणि बूस्ट झपाट्याने चढतो. टी-जोड लावून हवा गळू देणाऱ्या स्वस्त प्रकारात ॲक्च्युएटरला आधीपासून चाहूल लागते आणि वेस्टगेट वेळेआधीच किलकिलं होतं. म्हणून मी छर्ऱ्याच्या बाजूचा.

दाब पुरेसा झाला की छर्रा उचलला जातो, हवा ॲक्च्युएटरच्या पडद्यावर जाते, दांडा सरकतो, वेस्टगेट उघडतं. आता गिअर बदलायला तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता. कॉम्प्रेसरकडचा दाब पडतो आणि स्प्रिंग छर्ऱ्याला परत जागेवर बसवते. पण पलीकडे गेलेली हवा? ती छर्रा आणि पडदा यांच्यामध्ये कोंडली गेली. दांडा पुढेच, वेस्टगेट उघडंच. पुढच्या गिअरला एक्झॉस्टचा मोठा हिस्सा टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. पाच मिनिटांत ती हवा कुठून तरी झिरपते, म्हणून गाडी ‘बरी’ होते.

छर्ऱ्याच्या पलीकडे, ॲक्च्युएटरच्या बाजूला, मिलिमीटरभराहून लहान भोक हवं. एवढंच. कोंडलेली हवा तिथून सुटते. भोक मोठं झालं तर उलटी पंचाईत : आलेली हवा तिथूनच निसटते, ॲक्च्युएटर उपाशी राहतो आणि बूस्ट ठरवल्यापेक्षा वर जातो. एक्लिप्सचा ईसीयू अशा वेळी इंधन तोडतो आणि मागून कोणी ओढल्यासारखा झटका बसतो. तो झटका इंजिन वाचवण्यासाठी असतो, त्याला शिव्या देऊ नका.

या गाड्यांवर घरगुती कंट्रोलर पुष्कळ बसले. अमेरिकेत ग्रेंजर ही कारखान्यांना सामान पुरवणारी कंपनी आहे. तिच्याकडची झडप आणि पितळी जोड वापरून केलेल्या कंट्रोलरला ‘ग्रेंजर व्हॉल्व’ असंच नाव पडलं. चीज उत्तम, पण भोक आपलं आपण पाडायचं. घाईत तेच राहतं. तयार कंट्रोलरमध्ये ते असतं, पण तेलाच्या वाफेने किंवा टेफ्लॉन टेपच्या तुकड्याने बुजतं.

तपासणी सोपी. नळ्या काढा आणि ॲक्च्युएटरकडच्या निपलमधून तोंडाने फुंका. हवा बारीक सुस्कारा टाकत बाहेर पडली तर भोक शाबूत. गाल फुगले आणि काहीच हललं नाही, तर रोग सापडला.

कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी का आणू नये, असंही कोणी विचारतं. १९७३ साली पोर्शे ९१७/३० मध्ये ड्रायव्हर मार्क डोनोह्यूपुढे बूस्टचा नॉब होता, हे खरंच. पण ती हजाराहून अधिक अश्वशक्तीची शर्यतीची गाडी. आपल्या गाडीत केबिनपर्यंत नळी नेली तर दर वेळी ती लांबलचक नळी भरायची आणि त्याच एका भोकातून रिकामी करायची. कंट्रोलर बॉनेटखालीच बरा, एक्झॉस्टच्या धगीपासून दूर आणि आखूड नळीवर. नळीच्या दोन्ही टोकांना क्लिप हवीच; ॲक्च्युएटरची नळी निसटली तर वेस्टगेट उघडणारच नाही.

मिशिगनकरांनी भोक पाडताना आधी छर्रा आणि स्प्रिंग बाहेर काढावी. पितळेचा कीस आत राहिला तर छर्रा नीट बसत नाही आणि मग नवीनच दुखणं. भोक पाडल्यावर जुनं सेटिंग विसरा. त्याच स्क्रूवर बूस्ट थोडा वर गेलेला दिसेल. स्क्रू पूर्ण सैल करून ठेवा. बूस्ट गेज लावलेलं नसेल तर तेही या आठवड्यात लावून घ्या, त्याशिवाय पुढच्या वेळी स्क्रूला हात लावू देणार नाही.