म्हातारपण आपल्याच घरी

येवला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैठणीचा पदर उभा राहतो. पण तो पदर विणणाऱ्याच्या डोळ्यांची आणि कमरेची चौकशी आपण फारशी करीत नाही. येवल्यात हातमाग घरातच असतो. खड्ड्यात पाय सोडून दिवस-दिवस बसावयाचे आणि एकेक धागा मोजून उचलावयाचा. वय झाले की नजर मंदावते, कंबर धरते, आणि हातचे काम सुटते. कचेरीतल्या माणसाला निवृत्तिवेतन असते. विणकराला आणि शेतकऱ्याला ते नाही. तालुक्यात राजापूर, ममदापूर या बाजूला जावे, तर तिथे पाऊस बेताचा. तरुण माणसे कामासाठी नाशकाला, पुण्याला जातात. मागे घरी राहतात दोन म्हातारी माणसे, आणि पुढेमागे त्यांतले एकच उरते.

ही चार-दोन घरांची गोष्ट नव्हे. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे एक कोटी दहा लाखांच्या आसपास होती; म्हणजे दर शंभरांत जवळजवळ दहा. आता ती त्याहून वाढली आहेत.

मग अशा माणसाने राहावे कुठे? कोणी म्हणतो, मुलाकडे जावे. कोणी वृद्धाश्रमाचे नाव काढतो. पण ज्याचा प्रश्न त्याला विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते : “मी इथंच बरी आहे रे बाबा.” हा म्हातारपणाचा हट्ट समजू नये. आपल्या घरात काडेपेटी कुठे आहे हे अंधारातही हाताला ठाऊक असते. भाजी कोणती करावी, दार केव्हा लावावे, हे कोणाला विचारावे लागत नाही. मुलाकडे सुखाने राहणारे पुष्कळ आहेत, आणि ते चांगलेच आहे. परंतु ज्याला आपल्या घरी राहावयाचे आहे, त्याला ते जमावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

आता घर सुटते कशामुळे ते पाहा. मोठा आजार आला म्हणून सुटते, असे आपण समजतो. पुष्कळदा कारण अगदी लहान असते. समजा, उन्हाळा आहे आणि गावात टँकर आला आहे. एकटी आजी गर्दीत हंडा कसा भरणार? ती म्हणते, “असू दे, आहे त्यात भागवीन.” पाणी जपून वापरावयाचे म्हणून ती पिते कमी. त्यात वयामुळे तहानही मंद झालेली असते. शरीरात पाणी कमी पडले की उभे राहताना भोवळ येते. रात्री उठताना उंबऱ्याशी पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग दवाखाना, अंथरूण, आणि शेवटी घराला कुलूप. लोक म्हणतात, पडली म्हणून घर सुटले. खरे पाहता दोन हंडे पाणी वेळेवर आणून देणारे कोणी असते, तर कदाचित ती पडलीच नसती.

तेव्हा उपाय सुरू करावयाचा तो अशा लहान कामांपासून. पाणी, उजेड, औषध, चष्मा, बाजार, कागदपत्र आणि दिवसातून एकदा कोणीतरी मारलेली हाक. यांपैकी बरेच काही सरकारने देऊ केले आहे. ते काय आहे, ते आधी समजून घेऊ.

पैशासाठी श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ पुरे झालेल्या निराधार माणसाला, उत्पन्नाची अट बसत असल्यास, २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तलाठ्याकडे अथवा तहसील कचेरीत करावयाचा. चष्मा, काठी, कानाचे यंत्र, कमोडची खुर्ची यांसाठी २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना निघाली; तिच्यात ६५ वर्षांवरील गरजूंना एकदा ३,००० रुपये खात्यावर देण्याची तरतूद करण्यात आली. एस.टी.चा प्रवास ६५ ते ७५ वयापर्यंत अर्ध्या तिकिटात, आणि पंचाहत्तरीनंतर, ऑगस्ट २०२२ पासून, फुकट आहे. सत्तरी झालेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातला उपचार मिळू शकतो. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. आणि अडचण कोणाला सांगावी हे सुचत नसेल, तर १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत तो चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, एवढे सगळे आहे तर अडते कुठे? अडते ते दाराशी. पैसे बँकेच्या खात्यात येतात, पण बँक गावात नसते. अंगठा लावावा, तर जन्मभर धागा ओढून किंवा खुरपे धरून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. म्हातारा माणूस खिडकीवरून परत येतो आणि पुन्हा जायचे नाव काढत नाही. अंगठा उठत नसेल, तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. हे त्याच्या बाजूने उभे राहून विचारणारा एक माणूस सोबत लागतो, इतकेच.

हा सोबतीचा माणूस सरकारी हुकमाने मिळत नाही. तो शेजारातूनच उभा करावा लागतो, आणि हे जगात ठिकठिकाणी झाले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संघटनेने एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी गरम जेवण पोचवण्यास सुरुवात केली. युद्ध संपले तरी ते काम थांबले नाही. आपल्या देशात केरळचे उदाहरण आहे. कोझिकोड येथे १९९३ साली डॉक्टरांनी असाध्य दुखणेकऱ्यांच्या सेवेसाठी एक संस्था काढली. पुढे गावोगावचे साधे लोक, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, थोडे शिक्षण घेऊन आठवड्यातून दोन-तीन तास अशा घरी जाऊ लागले. २००८ साली तिथल्या सरकारने या कामासाठी धोरणच ठरवले. आपल्या महाराष्ट्रातही ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि त्यांचा महासंघ १९८० पासून काम करतो आहे. ज्या गावी असा संघ नाही, तिथे पाराखाली रोज बसणारी पाच-सात मंडळीही तो सुरू करू शकतात.

आपल्या गावी काय करता येईल? पहिली गोष्ट, पाण्याची पाळी. टँकर आला की एकट्या माणसाचा हंडा आधी भरावयाचा, आणि तो घरात ठेवून यावयाचा. दुसरी, सकाळची खूण. आठ वाजेपर्यंत दार उघडले नाही किंवा सडा पडला नाही, तर शेजारच्या घराने हाक मारावयाची. तिसरी, औषधाची तारीख. रक्तदाबाची गोळी संपल्यावर नव्हे, तर चार दिवस आधी आणली पाहिजे. आशाताईंना विचारून भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवावी. चौथी, घरातली धोक्याची जागा. मोरीच्या दाराशी धरावयास एक भक्कम बांबू आणि उंबऱ्यापाशी एक दिवा, याला खर्च किती येतो?

पण एक पथ्य पाळा. मदत करताना घर त्यांचेच राहू द्या. आधी विचारा, मग करा. आजीला भाकरी थापता येत असेल, तर डबा आणून देऊ नका. पीठ दळून आणून द्या. पैशाला हात लावण्याची वेळ आली, तर दोघांनी मिळून जा आणि पासबुकावर नोंद करून ते त्यांच्याच हाती ठेवा. आणि त्यांच्याकडूनही काही घ्या. जुना विणकर पोरांना रंगाची जोड सांगेल. म्हातारा शेतकरी कोणत्या शेतात पाणी कुठे मुरते ते सांगेल. नुसते घेत राहावे लागले, की मानी माणूस मदतच नाकारतो.

घराबद्दल आणखी एक सावधगिरीचा शब्द. “बाबा, नावावर करून द्या, आम्ही सांभाळू,” असे म्हणून घर लिहून घेतले जाते, आणि मग सांभाळणे राहून जाते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने याला तोड दिली आहे. बक्षीसपत्रात सांभाळाची अट घातलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते रद्द करून घेता येते. म्हणून अट तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून घ्या. मुलांनी पोसण्याचे नाकारले, तर दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून मिळतो. त्यासाठी येवल्याच्या प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. मोठ्या कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्याकडे एक मागणे. वर्गातल्या मुलांना आपल्या गल्लीत, आपल्या वस्तीवर कोण कोण एकटे राहते हे ठाऊक असते. त्यांच्याकडून नावे घ्या आणि आशाताईंना सोबत घेऊन त्या घरी स्वतः जाऊन या. वहीत दोन रकाने पाडा. पहिल्यात नाव लिहा. दुसऱ्यात त्या माणसाला काय हवे ते लिहा. पण ते आपल्या मनाने भरू नका, त्याच्या तोंडून ऐकून भरा. मग ती वही पुढच्या ग्रामसभेत सर्वांसमोर वाचून दाखवा, आणि प्रत्येक गरजेपुढे ती पुरवणाऱ्याचे नाव तिथल्या तिथे घालून घ्या.