जुन्या रुळांची वाट आणि गवतातला ताप

पावसाळा सरून दिवाळीची सुटी लागली की आपल्याकडची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून सातपुड्याकडे निघतात. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या डोंगरवाटा आहेतच. पण शेजारच्या मेळघाटातील अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेच्या खुणांचेही अनेकांना आकर्षण असते. धुळघाटजवळ चढ सोपा व्हावा म्हणून रूळ असे फिरवले होते, की वळसा घेऊन गाडी आपल्याच मार्गावरून पुलाने पार जाई. या मार्गावरील गाड्या २०१७ साली बंद झाल्या. पुढे वाघांचे जंगल टाळण्यासाठी नवा मार्ग सोनाळा, जामोद या आपल्या बाजूने आखण्यात आला.

गाड्या थांबल्या की रुळांच्या कडेला गवत आणि घाणेरी माजते. त्यात उंदीर-घुशी राहतात आणि त्यांच्या अंगावर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गोचिडवर्गीय किड्यांची पिल्ले. ही पिल्ले माणसाला चावली की 'स्क्रब टायफस' होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर या तापाने सैनिक हैराण झाले होते. २०१८ साली नागपूरसह विदर्भात त्याची साथ आली, तेव्हा कुठे आपल्याकडे हे नाव सर्वांना कळले.

चावा दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. तोवर सहल विसरलेली असते. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड अशा तपासण्यांत आठवडा जातो आणि इकडे फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन जीव धोक्यात येतो. वास्तविक वेळेवर ओळखल्यास डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध दोन-तीन दिवसांत ताप उतरवते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरोदर स्त्रियांसाठी दुसरे औषध आहे.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'मी जंगलात मुक्काम केला होता' हे न विचारता सांगावे. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा गुडघ्यामागे बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, ते घरच्यांकडून पाहून घ्यावे. खपली सर्वांनाच येत नाही; ती नसली तरी शंका सोडू नये.

जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी काढावी. अंबाबरवा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, कीटक पळवणारे मलम लावावे. गवतावर लोळू नये, ओले कपडेही त्यावर वाळत घालू नयेत. घरी येताच साबणाने अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत.

हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एकाला निदान झाले तर त्या मुक्कामातील बाकी सोबत्यांना त्याच दिवशी कळवावे.